बरण्यांचा ट्रक

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, ते निभवायला लागते. तक्रारसाहेबांना हे तत्त्वज्ञान सुचलं ते बहिणीशी फोनवर बोलून झाल्यावर, म्हणजे नेहमीप्रमाणे उशिरा.

झालं असं, की ताईचा फोन आला होता. ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. तब्येतीची चौकशी झाली, हवापाण्याची झाली, आणि दोन्हीकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तक्रारसाहेब सहज म्हणाले, "ताई, आपला तो ट्रकचा गेम आठवतो का गं? बरण्यांचा?"

पलीकडे ताई हसली. चांगली खळखळून हसली.

"अरे पिंट्या, तो पूल! दर वेळी त्या पुलावरून खाली पडायचास तू!"

"मी? तू पडायचीस!"

"आहे का रे तो अजून?"

खरं उत्तर असं होतं, की ज्या संगणकावर ही भावंडं तो गेम खेळायची तो भंगारवाल्याने नेला त्यालाही एक जमाना लोटला. पण भाऊजी गेले तेव्हापासून ताई हसल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. ती भावाकडे यायची, नाही असं नाही. सकाळी यायची, खुर्चीच्या काठावर टेकायची, दोन घास खायची आणि दुपारच्या बसने परत जायची. "राहा गं एक दिवस," म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "नको रे, घर बंद आहे." त्या बंद घरात तिची वाट बघणारं आता कोणी नव्हतं. ती तिथे एकटी बसून काय करत असेल ह्या विचाराने तक्रारसाहेबांना जेवताना ठसका लागायचा. अशी ताई हसली, आणि ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "आहे म्हणजे? चालू आहे! कालच खेळलो. रविवारी ये तू, आणि राहायलाच ये. बघू या कोण पडतं पुलावरून."

"राहायचं नाही सांगत," ताई म्हणाली. "पण येते. नक्की येते."

फोन ठेवून वळतात तो दारात बायको उभी.

"काल तुम्ही ऑफिसातून आलात आणि टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून झोपलात," ती म्हणाली. "गेम कधी खेळलात?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की तक्रारसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार निवारण विभागात आहेत म्हणून इमारतीतल्या लोकांनी पाडलेलं ते बिरुद आहे. ह्या विभागात येणारा माणूस तावातावाने येतो आणि शांत होऊन परत जातो. नळाला पाणी येतं असं नाही, पण माणूस शांत होतो. ही कला तक्रारसाहेबांनी उभ्या नोकरीत कमावली होती. तेव्हा एवढासा गेम चालू करणं म्हणजे किस झाड की पत्ती, असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नाही.

पहिला प्रश्न गेमच्या सीडीचा. ती कुठे आहे हे सगळ्या घराला माहीत होतं, फक्त ती सीडी आहे हे घर विसरलं होतं. कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत दोऱ्याला चार सीड्या टांगल्या होत्या, त्यांतली डावीकडून दुसरी. तक्रारसाहेबांनी स्टुलावर चढून ती सोडवली, टूथपेस्ट लावून घासली, मऊ फडक्याने पुसली. ती आरशासारखी लखलखली. गॅलरीत त्या मोकळ्या जागेतून पहिलं कबूतर तासाभरात आत आलं आणि वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यावर आपलं मत नोंदवून गेलं. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा हिशेब चुकता व्हायचा असतो, हे तक्रारसाहेबांना ठाऊक होतं.

दुसरा प्रश्न, नव्या संगणकाला सीडी घालायला तोंडच नव्हतं. हा संगणक खरं तर बायकोचा. औषधाच्या खोक्यात घडी घालून जो पातळ कागद ठेवतात, त्यावरचा मुंगीएवढ्या अक्षरांतला मजकूर जुळवायचं काम ती घरून करते. 'चक्कर येणे, मळमळणे, क्वचित प्रसंगी दोन्ही' असं काहीबाही. दुकानदाराने त्या संगणकात पडद्यावरची चित्रं काढणारं भारीतलं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. मळमळणे ह्या शब्दाला इतकं भारी कार्ड कशाला लागतं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

तळमजल्यावरच्या विमा एजंटाकडे बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह होता. पण कुठलाही शेजारी नुसती वस्तू देत नाही, वस्तूबरोबर सल्ला येतो, आणि सल्ल्याबरोबर शेजारी स्वतः येतो. एजंट ड्राइव्ह घेऊन आला तो खुर्ची ओढून बसलाच. त्याच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे बॉयलरकाका आले. ह्यांची सगळी हयात कारखान्यात बॉयलरवर गेली. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ उष्णतेत असतं अशी त्यांची श्रद्धा आहे. जावई घरात बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला ताक पाजलं होतं.

तिघांच्या साक्षीने सीडी फिरली, घरघरली, गेम संगणकात उतरला. तक्रारसाहेबांनी ट्रकच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. पडदा काळा झाला. सगळे पुढे सरकले. आणि एक चौकट उमटली: 'आपल्या संगणकात योग्य ग्राफिक्स कार्ड नाही.'

"नाही?" तक्रारसाहेबांना हे फारच लागलं. "अहो, एवढं मोठं कार्ड! दुकानदार म्हणाला की ह्यावर सिनेमे बनतात."

"ड्रायव्हर जुना असेल," एजंट म्हणाला.

ड्रायव्हर म्हणजे काय हे त्यानेच समजावून सांगितलं, आणि बरं समजावलं. कार्डाची भाषा गेमला कळत नाही, गेमची कार्डाला कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो. तो ड्रायव्हर. "दुभाषा बदला, ताजा आणा, मग बघा कसा चालतो."

ताजा आणला. कंपनीच्या संकेतस्थळावर नाव, गाव, पत्ता, जन्मतारीख आणि 'आपण यंत्रमानव नाही' हे सिद्ध करण्यासाठी चित्रांतले वाहतुकीचे दिवे ओळखून दाखवावे लागले. एक दिवा तक्रारसाहेबांच्या नजरेतून सुटला. यंत्राने त्यांना माणूस मानायला नकार दिला. दुसऱ्या खेपेला मानलं, पण तेवढ्यात अभिमानाला जो ओरखडा गेला तो गेलाच. ड्रायव्हर उतरला, संगणक बंद होऊन चालू झाला, ट्रकवर टिचकी मारली. 'आपल्या संगणकात योग्य ग्राफिक्स कार्ड नाही.'

"तापलंय," बॉयलरकाका म्हणाले. इतका वेळ ते ह्या क्षणाचीच वाट बघत होते. "झाकण काढा. वारा द्या."

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच पेचकस मागवून बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन आणून संगणकाच्या पोटावर सोडला. कार्ड गार झालं की नाही ते कार्डाला माहीत. टेबलावर बायकोचे तपासायचे कागद होते, ते मात्र सगळ्या घरभर उडाले. त्यांतला 'रिकाम्या पोटी घ्यावे' हा स्वयंपाकघरात गेला आणि 'वाहन चालवू नये' हा गॅलरीतून थेट रस्त्यावर. बायकोने चप्पल घालून जाऊन तो उचलून आणला. येताना तिच्या चेहऱ्याकडे बघून एजंटाला घरी काम असल्याचं आठवलं.

आता असल्या वेळी शहाणा माणूस अधिकृत मार्गाने जातो. तक्रारसाहेबांचा अधिकृत मार्गांवर विश्वास आहे, कारण ते स्वतः एक अधिकृत मार्ग आहेत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्यांनी कार्डाच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, हॅशची चौकट दाबा, पुन्हा एक दाबा. मग बराच वेळ बासरी. आणि मग एका मुलीचा गोड आवाज: "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, सर."

तक्रारसाहेब ताठ बसले. हे वाक्य त्यांचं होतं! म्हणजे शब्दशः. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ते टाइप करून ठेवलेलं होतं. 'समजू शकतो' म्हणायचं, 'समजलं' कधीही म्हणायचं नाही. समजलं म्हटलं की काहीतरी करावं लागतं. समोर जातिवंत माणूस आहे हे त्यांनी ओळखलं.

त्यांनी सगळं सांगितलं. मुलीने गेमचं साल विचारलं.

"सर, तेव्हा माझा जन्म झाला नव्हता," ती म्हणाली. "आमच्या तपासणीनुसार आपलं कार्ड उत्तम चालू आहे. आपण गेमच्या कंपनीशी संपर्क साधावा."

"ती कंपनी कधीच बंद पडली हो."

"ते आम्ही समजू शकतो, सर."

रस्त्यावरची लाइन आमची, पण आतला पाइप तुमचा. तक्रारसाहेब रोज लोकांना हेच सांगत असतात, फक्त आज ते पाइपच्या आतल्या बाजूला उभे होते. फोन ठेवल्याबरोबर मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.' ह्यावर त्यांना संताप आला, आणि संतापातही थोडं कौतुक वाटलं. इतक्या चपळाईने तक्रार बंद करणारा माणूस त्यांच्या सबंध विभागात नव्हता.

संध्याकाळी एजंट पुन्हा आला. रात्रभर विचार केला म्हणाला. त्याच्या मते सगळं उलटं होतं. नवा दुभाषा जुनी भाषा विसरला आहे, तेव्हा जुनाच दुभाषा शोधून आणायला हवा. कल्पना चांगली होती. पण जुने ड्रायव्हर जिथे मिळतात त्या संकेतस्थळांवर 'उतरवा' असं लिहिलेली सतरा बटणं असतात आणि त्यांतलं एकच खरं असतं. तक्रारसाहेबांनी सगळ्यात मोठं, हिरवं बटण दाबलं. त्यातून एक हवामान सांगणारी खिडकी उतरली, जी कुठल्या तरी परक्या गावातलं हवामान सांगत होती आणि बंद होत नव्हती. मग एजंटाने दुसरं बटण दाबलं. त्यातून ड्रायव्हर आला, पण तो भलत्याच कार्डाचा. तो बसवला, आधीचा काढला, मग दोन्ही काढले, आणि पडद्यावरची सगळी चित्रं फुगून बशीएवढी झाली. अक्षरं तर अशी, की समोरच्या इमारतीतून वाचता यावीत.

बायको चहा घेऊन आली. दोघांच्याही माना खाली. तिने पडद्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा पाहिलं.

"अगंबाई," ती म्हणाली, "'मळमळणे' पहिल्यांदाच नीट दिसतंय. असंच राहू द्या."

तेवढं एक काम त्या आठवड्यात कोणाच्या तरी मनासारखं झालं.

पुढची सूचना आली ती बॉयलरकाकांच्या भाच्याकडून, फोनवरून. गेमच्या चित्रावर उजवी टिचकी मारा, तिथे 'जुन्या आवृत्तीप्रमाणे चालवा' असं असतं, त्यावर खूण करा. मग संगणक गेमसमोर आपण फार जुने असल्याचं सोंग घेतो. तक्रारसाहेब महिन्यातून एका रविवारी दार लावून केसांना कलप करतात. माणूस तरुण दिसायला धडपडतो आणि ह्या यंत्राला म्हातारं दिसायला सांगायचं, हे त्यांना जरा विचित्र वाटलं. पण अडला हरी! त्यांनी खूण केली.

आणि गेम उघडला! उघडला म्हणजे, आवाज आला. इंजिनाची ती ओळखीची घरघर, भोंगा, मागे बरण्यांची किणकिण. तक्रारसाहेबांच्या अंगावर काटा आला. मग चित्र उमटलं. आकाश गुलाबी, डोंगर जांभळे, रस्ता मुळीच नाही, आणि ट्रक चाकं वर करून मध्यावर लोंबतोय.

"चालू झाला की!" बॉयलरकाका टाळी वाजवून म्हणाले.

"काका, ट्रक उलटा आहे."

"असेना! इंजिन गार आहे ना?"

शुक्रवारी एजंटाने शेवटचा बाण काढला. "फॉरमॅट मारा," तो म्हणाला. "सगळं पुसून टाका, नव्याने घाला. मी विम्याच्या गिऱ्हाइकांनाही हेच सांगतो, जुनी पॉलिसी सोडा, नवी घ्या." बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात लाटणं नव्हतं, काही नव्हतं, पण एजंट उभा राहिला. "माझ्या कामाच्या फायली आहेत त्यात," ती म्हणाली. "पुसायचंच असेल तर टेबलावरची धूळ पुसा." एजंटाने खरंच रुमाल काढून थोडी पुसली आणि गेला.

शनिवारी दुपारी तक्रारसाहेब त्या गुलाबी आकाशासमोर एकटेच बसले होते. गॅलरीत कबुतरांचं कुटुंब आता रुळलं होतं. संगणकाचं झाकण निघालेलं, हवामानाची खिडकी त्या परक्या गावात बर्फ पडतोय म्हणून सांगत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच. त्यांनी फोन हातात घेतला.

"कोणाला करताय?" बायकोने विचारलं.

"ताईला. सांगून टाकतो खरं काय ते."

"सांगा. म्हणजे ती म्हणेल, बरं झालं, मग पुन्हा कधीतरी. आणि येणार नाही." ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. "अहो, फोनवर काल माझ्याशीपण बोलली ती. पहिल्यांदा स्वतःहून. पूल कसा होता, बरण्या कशा फुटायच्या, सगळं सांगत होती. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मी नुसती ऐकत होते. तिला यायलाच हवं. काहीतरी करा तुम्ही."

तक्रारसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी संगणकाच्या धुळीमुळे आलं असं ठरवलं आणि मदत केंद्राला फोन लावला. एक, तीन, चौकट, एक. बासरी. तीच मुलगी.

"आपली गैरसोय आम्ही—"

"बाई, एक मिनिट," तक्रारसाहेब म्हणाले. "मीसुद्धा तक्रार विभागातच आहे. तुम्हाला काय काय म्हणायचंय ते सगळं मला पाठ आहे. तुम्ही ते म्हटलंत असं मी धरून चालतो. उद्या माझी बहीण येतेय. वर्षभरात हसली नाही ती. ह्या गेमच्या नावाने हसली. मी तिला चालू आहे म्हणून सांगून बसलोय. आता तुम्हीच सांगा मी काय करू."

पलीकडे मुलीने कीबोर्ड बाजूला सारल्याचा आवाज आला.

"सर," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम साधा झाला, "कंपनीकडे ह्यावर उत्तर नाही. पण माझे बाबा एक जुना गेम खेळतात, ते काय करतात तेवढं सांगते. ते कार्डाच्या नादालाच लागत नाहीत. जुन्या कार्डाची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्राम असतो. तो बसवायचा. मग सगळी चित्रं संगणक स्वतःच काढतो, हाताने काढल्यासारखी. रंग बरोबर येतात, रस्ताही येतो. फक्त..."

"फक्त काय?"

"हळू चालतं, सर. तुमच्या त्या गेममध्ये तर फारच हळू चालेल. एक चित्र पुरं झालं की मगच ट्रक पुढे सरकणार."

"पण सरकतो ना?"

"सरकतो."

"मग बास!" तक्रारसाहेब म्हणाले. तिने सांगितलेलं एकेक अक्षर त्यांनी बायकोकडून लिहून घेतलं. मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.' ह्या वेळी त्यांनी त्याखालचे पाचही तारे दाबले.

रविवारी ताई आली. चहा झाला. खुर्चीच्या काठावर टेकून तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "दुपारची बस वेळेवर असते ना रे अजून?" आणि मग, "चल, दाखव तुझा गेम."

तक्रारसाहेबांनी ट्रकवर टिचकी मारली. पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. मग वरच्या कडेला आकाशाची एक निळी पट्टी उमटली, तिच्याखाली आणखी एक, मग डोंगराचं टोक. खिडकीचा पडदा कोणी सावकाश खाली ओढावा तसं चित्र उतरत आलं. निळं आकाश, हिरवे डोंगर, वळणाचा रस्ता, आणि रस्त्यावर चारही चाकं खाली असलेला ट्रक. मागच्या हौद्यात बरण्या.

"पहिला डाव माझा," ताई म्हणाली आणि कीबोर्ड पुढ्यात ओढला. "थोरली आहे मी. आणि नियम तोच. ट्रक रस्त्याबाहेर गेला की डाव संपला. तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही."

तिने बाण दाबला. काही झालं नाही. तक्रारसाहेबांच्या कपाळावर घाम आला. मग ट्रक हलला. बोटभर. थांबला. पुन्हा बोटभर.

"ताई," ते म्हणाले, "जरा हळू चालतोय. खरं सांगायचं तर मी—"

"फोनवर 'कालच खेळलो' म्हणालास ना?"

"म्हणजे, तसं नाही, मी—"

"पिंट्या, तुझं खोटं मला तू बोबडा बोलत होतास तेव्हापासून कळतं. गप बस. वळण आलंय."

वळण आलं होतं हे खरं, पण पोचायला वेळ होता. पहिल्या खड्ड्यात ट्रक गचकला आणि हौद्यातली एक बरणी उडाली. लहानपणी ती उडाली आणि फुटली हे एकदमच कळायचं. आता ती हवेत तरंगत होती. हळूहळू तिरकी होत होती.

"डावीकडे घ्या ट्रक, डावीकडे!" हे बायको म्हणाली. ती कधी स्टूल ओढून येऊन बसली ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ताईने डावीकडे घेतला. बरणी सावकाश खाली आली आणि हौद्यात नीट बसली. तिघांनी एकदमच श्वास सोडला.

असे ते घाट उतरत गेले. मध्ये जेवणाची ताटं संगणकापाशीच आली. ताईने एका हाताने जेवण केलं आणि भात पुन्हा मागून घेतला. वाढताना बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मग पूल आला. तो अरुंद, कठडा नसलेला पूल, जिथे दोघांचं बालपण धडाधड खाली कोसळलं होतं. पण पडायलासुद्धा वेग लागतो. चाक कडेला जायला लागलं की ते दिसायचं, बोलायचं, त्यावर चर्चा व्हायची, आणि मग ताई सावकाश स्टिअरिंग फिरवायची. फिरवून झालं तरी चाक अजून कडेवरच असायचं. ट्रक पूल ओलांडून पलीकडे गेला.

"अरे," ताई म्हणाली, "इकडे काय आहे ते आपण कधी बघितलंच नाही."

पलीकडे फारसं काही नव्हतं. सपाट रस्ता, एक पेट्रोल पंप, आणि पंपाशी उभा एक चौकोनी माणूस. ट्रक जवळ येताच त्या माणसाने हात वर करायला सुरुवात केली. सुरुवातच. हात कमरेशी होता, मग छातीपर्यंत आला.

"थांब म्हणतोय," तक्रारसाहेब म्हणाले.

"छे, या म्हणतोय," बायको म्हणाली.

हात खांद्यापर्यंत आला. ताई बघत होती.

"निरोप देतोय तो," ती म्हणाली. "हे असाच हात करायचे रे. गॅलरीत उभं राहून. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत हात वर. लोक बघतात म्हणून मी रागवायची." बोलतानाही बाणावरचं बोट तिने उचललं नाही. "आता घरातून निघते ना, तर मागे वळून बघतच नाही. आणि इकडे तुमच्यात बसलं की वाटतं, लवकर जावं, उजेडात कुलूप उघडावं. अंधारात त्या घरात शिरायची भीती वाटते मला, पिंट्या. कोणाला सांगणार हे, ह्या वयात?"

"मला सांगायचंस," तक्रारसाहेब म्हणाले. त्यांच्या नोकरीत अशा वेळी म्हणायची पुष्कळ वाक्यं होती. त्यांतलं एकही त्यांना आठवलं नाही. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. ताई रडली, चांगली रडली, आणि रडता रडता ट्रक तेवढा रस्त्यावर ठेवला. पडद्यावरचा माणूस हात उंच करून तसाच उभा होता.

तेवढ्यात दार वाजलं. बॉयलरकाका होते, पाठीमागे एजंट, आणि काकांच्या हातात पेन ड्राइव्ह.

"मिळाला!" काका दारातूनच ओरडले. "भाच्याने बरोबर तोच जुना ड्रायव्हर शोधून काढला! आता बघा, ट्रक वाऱ्यासारखा पळतो की नाही!"

बायको उठून दारात आडवी उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "आमच्याकडे काहीही बिघडलेलं नाही." आणि तिने दार लावून घेतलं, आवाज न करता.

तक्रारसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारची बस सुटायची वेळ होऊन गेली होती. सांगावं की सांगू नये ह्या विचारात त्यांचं तोंड उघडलं, आणि बायकोने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की ते तसंच मिटलं. पण ताईचंही लक्ष घड्याळाकडे गेलंच होतं. तिने पदराने डोळे पुसले, डाव्या हाताचं बोट बाणावर तसंच ठेवलं, आणि उजव्या हाताने मोबाइल घेऊन आपल्या शेजारणीला फोन लावला.

"हां, मी बोलतेय. आज तेवढा माझ्या बाहेरच्या खोलीतला दिवा लावाल का? किल्ली आहेच तुमच्याकडे... नाही, आज नाही येत. उद्याचंही काही सांगता येत नाही... नाही हो, बरी आहे मी, चांगली आहे. पण निघू कशी? माझा डाव चालू आहे, आणि मी उठायची वाट बघत हा पिंट्या इथे टपून बसलाय."